चहावरची मुलाखत

बुद्धप्रियानं चहाचा कप अलीझापुढं सरकवला आणि कामाचा प्रश्न गप्पा मारल्यासारखा टाकला.

"मेंदी कुणाच्या लग्नाची गं? बहिणीच्या का स्वतःच्या?"

"बहिणीच्या, मॅडम." बायोलॉजी शिकवायला औशाहून आलेली अलीझा हसली.

लातूरच्या त्या नीटच्या क्लासमध्ये बाईमाणसाची खरी मुलाखत अशी चहावरच व्हायची. क्लासचे मालक महादेवप्पा सर स्वतः कधी विचारत नसत. पोटुशी बाई काढली तर कायदा मानगुटीवर बसतो, हे वकिलानं त्यांना सांगून ठेवलेलं. म्हणून लग्नाचं, लेकराचं बाईनंच बाईला विचारायचं आणि केबिनमध्ये जाऊन सांगायचं. मग कारण दुसरंच निघायचं: पोरांना यांचं शिकवणं कळत नाही. बुद्धप्रियानं अशा कितीतरी जणींचं सांगितलं होतं. सुपारी कातरावी तितक्या सहज.

आता गळ्याशी तिचंच आलं होतं. सकाळपासून ती मळमळ दाबून फळ्यापुढं उभी होती.

"तुम्ही लई फिक्या दिसून राहिल्या, मॅडम. चहाला शिवल्या पण न्हाई."

"वास सहन होईना." तोंडातून निसटलंच. तिनं ओढणी पोटावर ओढली.

अलीझानं आवाज उतरवला. "कितवा महिना?"

"तिसरा. कुणाला बोलू नको. लग्न केलंय तेच इथं ठाऊक न्हाई. नवरा नांदेडला असतो, रेल्वेत. तुझंही कुठं ठरलं असलं तर सरळ न्हाई म्हण."

अलीझा कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

तेवढ्यात दोघींनाही केबिनमधून बोलावणं आलं. सरांनी बुद्धप्रियाकडं पाहिलंसुद्धा नाही.

"हां, अलीझा मॅडम. काय निघालं यांचं?"

मुलाखत कुणाची चालली होती, ते बुद्धप्रियाला आत्ता उमगलं.

अलीझा खाली बघत होती. "मी विचारलंच न्हाई, सर."

"एवढंच तर काम दिलं होतं. तुमची नोकरी त्याच्यावरच हाय की."

"हाव, सर. माहीत हाय."

सर गालात हसले. "मग आता विचारा. माझ्यासमोर."

अलीझा बुद्धप्रियाकडं वळली.

बुद्धप्रियानं खुर्ची ओढली आणि कुणी सांगायच्या आत बसली. पोटावरची ओढणी तिनं बाजूला सारली.

"तिला कशाला, सर? तुम्हीच विचारा. तुमच्या तोंडानं."

सरांनी आधी दार नीट लागलंय का, बाहेर कुणी ऐकत तर नाही ना, ते पाहिलं.