आइस्क्रीमच्या डब्यातले मांडे

"आजी, सगळ्यांना स्टीलच्या ताटात मांडे आणि आम्हालाच आइस्क्रीमच्या डब्यात, असं का?"

विचारलं बाई एकदाचं. पैजच होती तशी. स्नेहल आणि सृष्टी म्हणाल्या होत्या, चैताली, वक्तृत्वात ढाल आणलीस ना, मग हे विचारून दाखव. सृष्टी या लंकाबाई आजींचीच नात. दाराआड तोंडात ओढणी कोंबून हसत होती.

आजी मूळच्या नांदगावकडच्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या खापरावर मांडे करतात तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टलाही तुपाचा वास लागतो. मग घरोघरी वाटप.

"तुम्हाला भांडं घासून द्यायचा ताप नको म्हणून गं," आजी म्हणाल्या.

"पण स्नेहलकडे तर ताट जातं."

"त्यांच्याकडं भांड्याला बाई हाय."

"चिमणाबाईच ना? त्या आमच्याकडेही येतात, आजी. आणि तुमच्याकडेही."

आजींनी मांड्याची घडी उलगडली, परत घातली. दाराआडचं हसू थांबलं.

"लय बोलाया लागली तू," त्या म्हणाल्या. "आमच्यात असंच हाय पहिल्यापासनं. जा, गरम हाय तवर खा."

पैज जिंकले. स्नेहलकडून पाणीपुरी पक्की. पण सृष्टी माझ्यामागोमाग जिन्यात आली. म्हणाली, "मला खरंच वाटायचं, घासायला नको म्हणून देते. मी तर तुझ्या आईच्या ताटातले बोंबील ओढून खाते."

"मग सांग की आजीला."

"वेडी आहेस का? माझंही जेवण डब्यात येईल."

आम्ही दोघी हसलो. तरी डबा माझ्या हातात जरा जड वाटत होता.

घरी आई ओट्याशी उभी होती. आई जिल्हा परिषदेत क्लार्क आहे. दिवसभर लोकांच्या हरवलेल्या फायली शोधते आणि संध्याकाळी आमचे मोजे. आजींकडून आलेला एकही डबा तिने कधी टाकला नाही. आमच्याकडे बटरस्कॉचमध्ये तूरडाळ असते, व्हॅनिलात खोबरं. आइस्क्रीम समजून मी कितीदा तरी कोथिंबिरीवर चमचा मारला आहे. वरचं कपाट उघडलं की उरलेले डबे डोक्यावर पडतात.

मी काय विचारून आले ते ऐकल्यावर बाबांचा चहा हातातच राहिला.

"कशाला पण? आठवतंय ना, आपण केदारे आहोत म्हटलं की बघायला गेलेला फ्लॅट जागेवर विकला जायचा. हा मिळाला. शेजार चांगला आहे. गोडाधोडाचं देतात बिचाऱ्या."

"डब्यात देतात, बाबा."

"त्यांच्या लक्षातही नसेल."

"असतं," आई म्हणाली. पाठमोरीच. "आपण राहायला आलो त्या वर्षी बुद्धपौर्णिमेची खीर मी दिली होती त्यांना. स्टीलच्या डब्यात. तासाभरात डबा परत आला, लख्ख घासलेला. आत काही नाही. चिमूटभर साखरसुद्धा नाही."

रिकामं भांडं कुणी कुणाला परत देत नाही. हे मलाही माहीत होतं.

"मग दर बुद्धपौर्णिमेला तू खीर पाठवतेस ती कशात?" मी विचारलं.

"त्यांच्याच आइस्क्रीमच्या डब्यात."

बाबा हसायला लागले आणि मध्येच थांबले. "अंजली, तू कधी बोलली नाहीस."

"नव्या घराच्या खुशीत होता तुम्ही."

मी स्टूल ओढलं, कपाट उघडलं. डोक्यावर तीन स्ट्रॉबेरी पडल्या, पडू दिल्या. मागे तो स्टीलचा डबा होता. विंचूरच्या मामाने गृहप्रवेशाला दिलेला, झाकणावर नाव कोरलेला: सौ. अंजली जयराम केदारे. आईने तो पदराने पुसला. पुसण्यासारखं काही नव्हतं.

"आई, बाबा, ऐका. या पौर्णिमेची खीर मी नेणार. याच डब्यातून. आणि परत आणायला आपल्यातलं कुणी जायचं नाही."

"आणि त्यांनी ठेवूनच घेतला तर?" बाबा म्हणाले.

"ठेवू देत. आजींच्या फळीवर रोज आईचं नाव दिसेल."