राहिलेली तीन चित्रं

साताऱ्याच्या सेंट ल्यूक हायस्कुलात क्रांती चित्रकलेची शिक्षिका म्हणून लागली, तेव्हा पलूसला तिच्या घरी कुणालाच त्याचं कौतुक वाटलं नाही. वडील हंबीरराव सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पोरीनं पोलीस भरतीत उतरावं म्हणून त्यांनी तिला उसाच्या कडेकडेनं पहाटेचं पळवलं होतं. ती पळालीही. पण भरतीच्या तोंडावर सांगलीला जाऊन कला शिक्षक पदविकेला नाव घालून आली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं कामापुरतं उरलं होतं.

“तासिकेवर म्हंजे रोजंदारीच की,” नोकरीचं ऐकून हंबीरराव म्हणाले. “कायम झालीस की सांग.”

ते काही तिच्या हातात नव्हतं. शाळेत चित्रकलेची मंजूर जागा एकच होती आणि तिच्यावर सिस्टर ब्रिजिता होत्या.

सिस्टर वसईच्या. वडील सुतार, चर्चच्या वेद्या आणि क्रूस घडवणारे. त्यांच्या हाताखाली लाकडावर नक्षी काढता काढता सिस्टर चित्र शिकल्या, मुंबईला जाऊन रीतसर पदविका घेतली आणि ऐन उमेदीत मठात गेल्या. का गेल्या, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. पोरं त्यांना टरकून असत. क्रांतीशीही त्या पहिले काही महिने वेळापत्रकापलीकडे बोलल्या नाहीत.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मात्र त्यांनी तिला चॅपेलच्या, म्हणजे शाळेच्या प्रार्थनाघराच्या, मागच्या खोलीत नेलं. प्लायवूडच्या मोठ्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. क्रुसाची वाट. येशूला शिक्षा फर्मावली तिथपासून त्याला कबरीत ठेवलं तिथपर्यंतची चौदा चित्रं चर्चच्या भिंतीवर ओळीनं असतात, ती. अकरा पुरी झाली होती, तीन फळ्या कोऱ्या.

क्रांती एकेका चित्रासमोर थांबत गेली. पाचव्यापाशी ती वाकूनच बघायला लागली. येशूचा क्रूस खांद्यावर घेणारा माणूस शाळेचा शिपाई अर्जुना होता. तोच खालचा ओठ, तीच एक भुवई चढलेली. पुढच्या चित्रात येशूचं रक्तानं माखलेलं तोंड पुसणारी बाई म्हणजे फाटकाबाहेर पेरू विकणारी मनुबाई.

“कुणी सांगितलं होतं काढायला?” तिनं विचारलं.

“कुणी नाही. फादरांनी चॅपेलची भिंत देतो म्हटलं, एवढंच.” सिस्टरांनी उजवा हात पुढे धरला. बोटं थरथरत होती. “अकराव्याला हे सुरू झालं. वाढतंय. राहिलेली तीन तू करशील? मी शेजारी बसेन.”

तिथून पुढे दर शनिवारी दोघी त्या खोलीत असत. सिस्टर सांगत, क्रांती काढत असे. नुसती रेखाटनं चालली होती, फळीला अजून हात लावला नव्हता. तेराव्या चित्राशी गाडं अडलं. मेलेला मुलगा मांडीवर घेतलेली आई. सिस्टर म्हणाल्या, “आईचं तोंड मला येत नाही. घरातून निघताना मी माझ्या आईकडे मागे वळून पाहिलं नव्हतं.” क्रांतीनं पुढच्या खेपेला खाकी कागदावर स्वतःच्या आईचं, अंबूबाईचं तोंड काढून आणलं. आजीच्या मयताला बसली होती तसं, कोरड्या डोळ्यांचं. सिस्टरांनी ते खिडकीजवळ नेऊन पाहिलं. “ही चालेल,” म्हणाल्या. त्या दोन शब्दांवर क्रांती कितीतरी दिवस खूश होती.

जूनमध्ये सिस्टरांनी एकाएकी जागा सोडली. मठाच्या वरिष्ठांनी त्यांना जतला मुलींच्या वसतिगृहावर धाडलं. निरोपसमारंभही त्यांनी होऊ दिला नाही. त्यांच्या जागी क्रांतीची नेमणूक झाली आणि शिक्षकांच्या खोलीत जो तो म्हणू लागला, “सिस्टरांनी तुझ्यासाठी खुर्ची सोडली बघ.” क्रांतीलाही तेच खरं वाटलं. रक्ताचं माणूस करणार नाही ते या बाईनं केलं, असं ती घरी सांगताना रडली. हंबीररावांनी इस्लामपूरच्या पाहुण्यांपर्यंत पेढे पोचवले.

पण कायम व्हायला दोन वर्षं परिवीक्षेची, म्हणजे उमेदवारीची, होती. नंतर मुख्याध्यापकांच्या शिफारशीनं फाइल शिक्षण खात्याकडे जायची. मुख्याध्यापक असलेले जुने फादर बदलून गेले, नवे आले. हसतमुख, कामाला वाघ. चॅपेलची डागडुजी त्यांनी काढली. क्रांतीचे शनिवार सुरुवातीला खोलीत गेले, मग चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांत, मग स्नेहसंमेलनाच्या पडद्यांत. फळ्या कोऱ्याच राहिल्या.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस एका माजी विद्यार्थ्यानं चॅपेलसाठी फायबरची चौदा तयार शिल्पं देऊ केली. फादरांनी क्रांतीला बोलावून त्यांचे फोटो दाखवले.

“तुम्ही कलेच्या शिक्षिका, म्हणून विचारतो. सिस्टरांची ती चित्रं अर्धवट आहेत. शिवाय चेहरे पाहिलेत ना? प्रार्थनेत पोरं अर्जुनाकडे बघून हसतील. तुमचं काय मत?”

फोटोंतले चेहरे गुलाबी आणि गुळगुळीत होते, दुकानातल्या बाहुल्यांसारखे. क्रांतीला ते कळत होतं. टेबलावर तिच्या शिफारशीची फाइल होती, तीही दिसत होती. फादरांनी फाइलचा उल्लेखसुद्धा केला नाही. करायची गरजच पडली नाही.

“ही सुबक दिसतील, फादर,” ती म्हणाली.

फळ्या खेळाच्या सामानाच्या खोलीत गेल्या. अर्जुनानंच त्या वाहून नेल्या. पाचवी फळी उचलताना तो क्रांतीला म्हणाला, “बाई, माजं त्वांड भिंतीकडं करून ठिवू का?” आवाजात राग नव्हता. ती पुढची फळी पुसायला लागली. त्यानं तशीच ठेवली.

कायम झाल्याचा कागद हातात पडला त्या आठवड्यात ती पेढे घेऊन जतला गेली. सिस्टर वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ज्वारी निवडत बसल्या होत्या. दोन्ही हात थरथरत होते, तरी खडे वेचत होत्या. त्यांनी कागद वाचला, घडी करून परत दिला.

“तीन चित्रं?”

“चालू आहेत,” क्रांती म्हणाली.

सिस्टर ज्वारी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “अर्जुना येऊन गेला. त्याची बहीण इथंच गावात दिलीय.”

क्रांतीनं कागद पर्समध्ये सरकवला. “माझी फाइल अडली असती, सिस्टर. तुम्ही माझ्यासाठी जागा सोडलीत. मी ती घालवली असती तर तुम्हाला काय तोंड दाखवलं असतं?”

“तुझ्यासाठी?” सिस्टरांनी पहिल्यांदा मान वर केली. “असं कोण म्हणालं? तू माझी कोण लागत होतीस? भिंतीसाठी सोडली मी. माझा हात गेला होता, तुझा चालत होता. तासिकेवरची बाई आज आहे, उद्या नाही. तू कायम झालीस तर चित्रं पुरी होतील, म्हणून सोडली.”

“मी करते आता. घरी नेऊन करते.”

“कुठं लावशील?”

सिस्टरांनी एका मुलीला हाक मारली, पेढ्यांचा पुडा तिच्या हाती दिला आणि सगळ्यांना वाटायला सांगितला. स्वतः घेतला नाही. “चारची गाडी आहे तुला,” म्हणाल्या आणि परात पुढे ओढली.

साताऱ्याला न जाता क्रांती पलूसला उतरली. हंबीरराव अंगणातच होते. हल्ली ते तिची वाट बघत, आल्यागेल्याला ‘आमची पोरगी कॉन्व्हेंटात मास्तरीन हाय’ म्हणून सांगत. आजही शेजारचे नाथाजी बसलेले, त्यांच्यादेखत त्यांनी विचारलं, “जतला गेलीवतीस न्हवं? लय खूश झाली आसंल की सिस्टरबाई.”

“झाल्या,” क्रांती म्हणाली आणि हातपाय धुवायला मागच्या दारी गेली.