आत्याच्या शेवटच्या बरण्या

आत्या म्हणजे खरं तर एका भाच्याची आत्या, पण गल्लीतले लहानथोर सगळेच तिला आत्या म्हणायचे. एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत तिचं चाक, विजेची भट्टी आणि मातीची पिंपं होती. झाकणाच्या बरण्या करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. झाकण कसंही फिरवून ठेवा, अलगद बसायचं. एके काळी शिकायला इतक्या बायका यायच्या, की दारात चपला ठेवायला जागा उरायची नाही. मग एकेक करून गळाल्या. कुणाचं घर लांब गेलं, कुणाची कंबर धरली, कुणाचा नुसताच उत्साह ओसरला.

वर्गात कुणीच उरलं नाही तेव्हा त्या भाच्याची बायको, आत्याची भाचेसून, जाऊन बसली. हौस वगैरे काही नव्हती. आत्या रिकाम्या खोलीत एकटीच चाक पुसत बसलेली तिला बघवेना, एवढंच. ती झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती, त्यामुळे समोर येईल ते झटपट उरकायची सवय हाडीमाशी भिनलेली. पहिल्याच दिवशी तिनं चाकावरचा गोळा असा काही दाबला, की तो सुटून थेट भिंतीला जाऊन चिकटला. आत्या पोट धरून हसली. तेव्हापासून भाचेसुनेचं नाव घाईबाई पडलं.

पुढे तिला त्या कामाची गोडी लागली, ती मात्र खरीखुरी. दुकानातून सुटली की घरी न जाता ती आधी आत्याकडे जायची. माती मळायची, गोळा मधोमध बसवायला बघायची, आणि गोळा आपला डुगडुगत राहायचा. जाड तळाचे, वाकडे वाडगे तेवढे हातून निघायचे. आत्यानं हात धरून शिकवलं, रागावून शिकवलं, हात टेकले, पुन्हा शिकवलं. शेवटी एकदा सरळच म्हणाली, "तुझ्या हाताला ते नाही गं. पण येत जा."

ती येत राहिली. आपल्याच दुकानात वर्गाची जाहिरात छापून तिनं गल्लोगल्ली चिकटवली. आत्याच्या बरण्या काउंटरवर मांडल्या. लोक उचलून बघायचे, वा म्हणायचे आणि जिथल्या तिथे ठेवून आपल्या कागदांचा गठ्ठा घेऊन जायचे.

मग आत्याला अर्धांगाचा झटका आला. एक हात गेला, पाय गेला, जीभ जड झाली. भाच्यानं तिला आपल्या घरी आणलं. आता ती चाकावर बसणार नाही हे डॉक्टरांनी सांगायच्या आधीच सगळ्यांना कळलं होतं. खोलीच्या मालकाला खोली हवी होती. भाचा हिशेबी नव्हता, पण व्यवहारी होता. त्यानं भट्टीला गिऱ्हाईक शोधलं.

झटक्याच्या आधी आत्यानं घडवलेल्या तीन बरण्या फळीवर कच्च्याच राहिल्या होत्या. भट्टी जायच्या आत तेवढ्या भाजून घेऊ, असं घाईबाईनंच सुचवलं. आत्याचा चेहरा किती दिवसांनी उजळला. शब्द जुळवत तिनं सांगितलं, की भट्टी अर्धी रिकामी लावू नकोस, तुझे वाडगेही घाल, तुझंही काहीतरी भाजून निघू दे. फक्त वाडगे वाळलेत का ते नीट बघ. गालाला लाव. गार लागलं तर आत अजून पाणी आहे, भट्टीत फुटेल.

हवा ढगाळ होती. खोलीत एकटीच उभी राहून तिनं एकेक वाडगा गालाला लावला. दोन-तीन गार लागले. हवेचाच गारवा असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. परवा भट्टी न्यायला माणसं येणार होती. थांबायला सवड नव्हती. आत्याच्या बरण्या मधे, भोवती आपले वाडगे, असं सगळं रचून तिनं भट्टी लावली.

दुपारी आतून दबका आवाज आला, दार आपटावं तसा. मग आणखी एक. तिनं भट्टी बंद केली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी भट्टीचं झाकण उघडलं तर आत खापऱ्यांचा ढीग. जाड तळाचे वाडगे फुटले होते आणि त्यांच्या तुकड्यांनी तिन्ही बरण्या फोडल्या होत्या. तिचे दोन वाकडे वाडगे तेवढे शाबूत होते.

तिथे आलेला नवरा म्हणाला, "विकल्या म्हणून सांग. तिला कुठे कळणार आहे?" त्याचा हेतू वाईट नव्हता. रस्ताभर तिनं तेच वाक्य घोकलं. पण आत्या दाराकडेच डोळे लावून पडली होती, आणि ते वाक्य काही तोंडातून फुटेना.

"आत्या, बरण्या गेल्या. माझे वाडगे ओले होते. मला गार लागलं होतं, तरी घातले."

आत्यानं नजर छताकडे वळवली.

"तू घाई करशील हे माहीत होतं मला," ती तुटक शब्दांत म्हणाली. "तरी घाल म्हटलं."

रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही, रडली नाही, आणि त्यानंतर मातीचा विषयही तिनं कधी काढला नाही.

भट्टी गेली. चाक एखाद्या शाळेला द्यावं म्हणून घाईबाईनं बरेच उंबरे झिजवले. मुलांना इजा होईल, जागा नाही, शिकवणार कोण, अशी उत्तरं मिळाली. शेवटी ते भंगारवाल्यानं नेलं. नवरा नको म्हणत असतानाही तिनं मातीचं एक पोतं मात्र घरी आणलं.

आता सुट्टीच्या दिवशी ती गच्चीत बसून हातानंच वाडगे घडवते. भाजायला कुठे जागा नाही. वाळले की बादलीत भिजवते, पुन्हा माती मळते, पुन्हा घडवते. मागे एकदा एक वाडगा खरंच बरा साधला होता. तो घेऊन ती आत्याजवळ गेली आणि समोर धरला. आत्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं आणि पडदा ओढून घे म्हणाली, डोळ्यांवर ऊन येतंय.

तिनं पडदा ओढला. बाहेर येऊन वाडगा बादलीत सोडला. त्याची कड विरघळायला लागली तेवढ्यात आतून हाक आली, कूस बदलून द्यायला. हात पुसून ती आत गेली.