प्लास्टरचे पान आणि शेल्याआडची देवी

मी एक जुने पान आहे. थांबा, लगेच वहीत ठेवायला धावू नका! मी झाडावरून गळलेलो नाही. मी प्लास्टरचा आहे, तळहाताएवढा, आणि माझ्या पाठीला लोखंडी आकडा आहे. मला अंजिराचे पान म्हणतात, पण अंजीर कसे लागते ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, माझा जन्म ऑस्ट्रेलियात, ॲडलेडमधल्या एका जुन्या चित्रशाळेत झाला. तिथे युरोपातून बोटीने आलेला एक पांढराशुभ्र पुतळा होता, ग्रीक पहिलवानाचा. त्याच्या अंगावर चिंधीसुद्धा नव्हती. विद्यार्थी त्याच्यासमोर बसून चित्रे काढत. एकदा गावातली प्रतिष्ठित मंडळी शाळा बघायला येणार असे कळले आणि सरांची तारांबळ उडाली. त्यांनी घाईघाईने साच्यात प्लास्टर ओतले आणि मला तयार केले. पाहुणे आले की मला पहिलवानाच्या कमरेखाली अडकवायचे, गेले की काढायचे, ही माझी नोकरी. मी ती इमानाने केली. शाळेची अब्रू माझ्याच आकड्याला टांगलेली आहे, असे मला वाटे.

कौतुक मात्र सगळे पहिलवानाचे. त्याच्या खांद्यांवर, गुडघ्यांवर तासन्‌तास चर्चा चाले. माझे चित्र कोणी मन लावून काढले नाही. तरी एक गंमत मी पाहिली. मी नसलो की लोक त्याचे खांदे बघत, आणि मी असलो की सगळ्यांचे डोळे थेट माझ्यावर येत. मग मी झाकत होतो की दाखवत होतो, हे मलाही कळेनासे होई.

वर्गात ऐकून ऐकून मी थोडा शहाणा झालो. ग्रीक लोकांना घडीव शरीर हे देवाघरचे लेणे वाटे, म्हणून त्यांनी देव आणि पहिलवान उघडे घडवले. पुढे चर्चच्या काळात तेच शरीर लाजेचे झाले. पुन्हा काही शतकांनी कलावंतांना त्याची गोडी लागली, आणि त्यांच्या मागोमाग माझे पूर्वज झाकायला हजर झाले. चित्रकार तर फार हुशार! उघड्या बाईच्या चित्राला देवीचे नाव दिले की चित्र सोवळे, साध्या बाईचे नाव दिले की ओवळे. मग कोणी टबात अंग धुणारी थकलेली बाई रंगवली, कोणी शरीराचे तुकडे करून ते पुन्हा हवे तसे जोडले. हे सारे बहुतेक पुरुषांनी केले. मुलींना पूर्वी अशा वर्गाचे दारच बंद होते. त्या आत आल्या, तेव्हा कुठे बाईने बाईकडे पाहून चित्र काढले.

त्या आल्या, पुतळा झाकायची रीत मोडली आणि माझी नोकरी गेली. नवे विद्यार्थी मला पाहून खो खो हसत. मला खणात टाकले, कागदावर वजन म्हणून ठेवले, एकाने तर माझ्यावर चहाचा कप ठेवला. माझा एक कोपरा उडाला. फार वाईट वाटे, मित्रांनो.

शेवटी शाळेने अडगळीची खोली आवरायला काढली. मी स्किपच्या, म्हणजे कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीच्या, काठावर पडलो होतो. तेव्हा सुरुचीने मला उचलले. सुरुची पुण्याहून इथे युनिला शिकायला आली आणि इथलीच झाली. आता ती प्रयोगशाळेत नोकरी करते आणि शनिवारी चित्रकला शिकायला येते.

"हे फेकणार?" तिने आताच्या सरांना विचारले.

"टेक इट, मेट. नो वरीज," सर म्हणाले, आणि मी मॉसन लेक्सला तिच्या घरी आलो.

घरात भिंतीला टेकून एक मोठे चित्र उभे होते. सुरुचीने आरशात पाहून स्वतःचेच काढलेले. ती स्टुलावर बसली आहे, अंगावर कपडा नाही, पोट सैल पडले आहे आणि पोटाखाली टाक्यांची आडवी रेघ आहे. मी पाट्यासारखी सपाट पोटे पाहत आयुष्य काढले होते. असे पोट मी पहिल्यांदाच पाहिले, आणि मला ते फार आवडले. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने ते काढले होते.

तेवढ्यात तिच्या सासूबाई, वासंतीबाई, पुण्याहून यायच्या ठरल्या. सुरुचीचा नवरा यतिन डोके खाजवत म्हणाला, "आई येतेय. हे जरा आत ठेवतेस का?"

"आत कुठे? कपाटामागे जातच नाहीये ते," सुरुची म्हणाली. तिने लग्नातला जरीचा शेला काढला आणि चित्रावर घातला. मी बाजूच्या फळीवरून पाहत होतो. माझीच नोकरी शेल्याला मिळाली होती!

सुरुचीने पांढऱ्या रंगाचा डबाही आणला. शेल्याने किती दिवस झाकणार? संक्रांतीचे हळदीकुंकू उरकले की चित्रावर पांढरा रंग फासायचा आणि त्यावर फुलदाणी काढायची, असे तिने यतिनला सांगितले. सांगताना ती डब्याचे झाकण उगाच दाबत राहिली. मला फक्त खणात टाकले होते, ते चित्र तर कायमचे जाणार होते.

इथे संक्रांत भर उन्हाळ्यात येते. हळदीकुंकवाच्या दिवशी उन्हाने बाहेर रस्ता भाजत होता आणि घरात एसीखाली साड्यांची सळसळ चालली होती. शेजारच्या मंजिरीची नजर शेल्यावर गेली.

"काकू, ही कुठली देवी? झाकून का ठेवलीये?"

वासंतीबाई गडबडल्या. पुण्याहून आल्यापासून त्यांनाही तो शेला देवीचाच वाटत होता, रोज सकाळी त्या त्याला हात जोडत. पण आपल्याच घरातली देवी आपल्याला माहीत नाही, हे चारचौघींत कसे सांगायचे?

"कुलदेवी आमची," त्या ठोकून देऊन मोकळ्या झाल्या. "स्थापना व्हायचीये अजून."

झाले! मंजिरीने चौकटीला हळदकुंकू लावले. तिच्यामागे बाकीच्या बायकांची रांग लागली. कोणी गजरा ठेवला, कोणी तिळगूळ. स्वयंपाकघराच्या दारात सुरुची पांढरीफटक पडून उभी होती.

बायका गेल्यावर वासंतीबाई शेल्याकडे वळल्या. "मी खोटं बोलून बसले. आता बघू तरी दे, कुठली देवी आहे ती."

"आई, नको!" सुरुची धावली, पण शेला खाली आला होता.

सुरुचीची छोटी मुलगी स्पृहा पुढे झाली. "दॅट्स मम्मा, आजी. सी दॅट लाइन? आय केम आउट ऑफ देअर!"

वासंतीबाई हळूच सोफ्यावर टेकल्या. चष्मा पुसून पुन्हा पाहू लागल्या. मला पहिलवानासमोर आलेले कितीतरी पाहुणे आठवले. असे कोणी पाहिले नव्हते.

"तुझे टाके आडवे आहेत," त्या म्हणाल्या. "माझे उभे होते. यतिनच्या वेळचे. इतकी वर्षं निऱ्यांखाली आहेत, मीसुद्धा कधी धड बघितले नाहीत."

"आई, सॉरी. मी उद्या त्यावर पांढरा रंग मारणारच होते. डबा आणून ठेवलाय."

वासंतीबाईंनी चौकटीवरची कुंकवाची लाल बोटे पाहिली. "अगं, एवढ्या जणींनी कुंकू लावलंय. आता कशी पुसशील?"

सुरुची त्यांच्या मांडीवर डोके ठेवून रडली. दुसऱ्या दिवशी त्या पांढऱ्या रंगाने यतिनने कुंपण रंगवले.

चित्र प्रदर्शनात लागले, चौकटीवरच्या कुंकवासकट. सुरुचीने मलाही बरोबर नेले आणि चित्राखालच्या पट्टीवर ठेवले. वासंतीबाईंनी मला हातात घेऊन विचारले, "हे काय?" सुरुचीने माझे काम सांगितले, तशा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "एवढंसं? आणि त्या पहिलवानाला?" मी अजिबात रागावलो नाही. मग हसू ओसरले, आणि त्या चित्राकडे पाहत उभ्या राहिल्या. त्यांचा एक हात निऱ्यांवर गेला, पोटाशी, आणि बराच वेळ तिथेच राहिला.

मित्रांनो, आता मी सुरुचीच्या घरी फळीवर असतो. स्पृहा रोज माझ्यावरची धूळ पुसते. जुन्या वस्तूंना एवढे पुरते. तुम्हालाही कधी माझ्यासारखे एखादे पान सापडले, तर ते फेकू नका, जपून ठेवा. फक्त कशावर लावू नका.