पाच प्रश्नांचा तास

"मास्तर, हिला मारा, बडवा, पर बोलती करा," तानाबाई नववीच्या दारातनंच म्हणाली. डोक्यावर पोत्याची खोळ, गुडघ्यापर्यंत चिखल. नातीला, अनुजाला, तिनं दंडाला धरून आणलं होतं. अनुजाची आई जाऊन तेवीस दिवस झाले होते. वैरणीच्या भाऱ्यात साप निघाला, एवढंच गावाला ठाऊक. त्या दिवसापासनं पोरीनं तोंड उघडलं नव्हतं. रडली बी न्हाय.

"मारून कोण बोलतंय व्हय आज्जी? बसू दे तिला. तुम्ही वैरणीला जावा," मी म्हणालो.

मी इंग्रजीचा मास्तर. राधानगरीकडचा आमचा पाऊस पत्र्यावर असा वाजतो की ओरडल्याबिगर शिकवता येत नाही. त्यात आमची पोरं. गोठ्यात, बांधावर दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, आणि इंग्रजीचा तास आला की दातखीळ. म्हणून मी एक नियम काढला होता. रोज एका जोडीनं उठायचं. एकानं पाच प्रश्न विचारायचे, दुसऱ्यानं उत्तरं द्यायची. चुकलं तर चुकू दे, पण पाच झाल्याबिगर खाली बसायचं नाही. जो हसेल त्याचा उद्या नंबर.

त्या दिवशी आदर्शचा नंबर, आणि हजेरीप्रमाणं त्याची जोडी अनुजाशी. ही पोरगी बोलत नाही, हे आधीच माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. आलं नाही. बावीस वर्षं एकच काम करून माणूस यंत्र होतं, मी बी झालतो.

आमच्याकडं मयताच्या घरी माणसं भाकरी बांधून घेऊन जातात, सोप्यात टेकतात आणि विचारतात, कसं झालं? आदर्श आजोबांसंगं अनुजाच्या घरी जाऊन आलता. पण थोरल्यांत पोरांनी बोलायचं नसतं. त्याच्या पोटात राहिलेला प्रश्न त्या गाढवानं माझ्या तासाला काढला.

"हाऊ युवर मदर डाय?"

मी त्याच्या कानशिलात द्यायला निघालोच होतो, एवढ्यात अनुजा बोलली.

"स्नेक."

"व्हेअर स्नेक?"

"इन भारा."

"व्हाय शी लिफ्ट भारा अलोन?"

ओल्या वैरणीचा भारा एकट्यानं उचलायचा नसतो. एकानं हात लावायचा, मग दुसऱ्याच्या डोक्यावर जातो. हे आमच्या पोरांना शाळेत यायच्या आधी कळतं.

अनुजा बाकाकडं बघत होती. डेअरीत दुधाची फॅट सांगावी तसल्या आवाजात म्हणाली, "शी कॉल मी. आय सी मोबाइल. आय से, फाइव्ह मिनिट्स. शी कॉल अगेन. आय से, फाइव्ह मिनिट्स. शी लिफ्ट. अलोन."

आदर्शच्या तोंडाचं पाणी पळालं. पण नियम माझाच. त्यानं चौथा प्रश्न विचारला.

"यू टेल होम?"

"नो."

मग त्यानं माझ्याकडं बघितलं. पाचवा प्रश्न त्यानं बराच वेळ शोधला.

"यू ईट?"

"नो."

त्यानं दप्तरातनं आपला डबा काढून तिच्या बाकावर ठेवला. "फाइव्ह झालं सर," म्हणाला आणि खाली बसला.

अनुजानं डबा उघडला. भर तासात भाकरी मोडून खाऊ लागली. मी फळ्याकडं तोंड करून तारीख लिहिली. मग पुसून तीच परत लिहिली.

शाळा सुटली तेव्हा तानाबाई फाटकाशी उभी होती. वैरणीचा भारा खाली टेकवलेला.

"बोलली का वो?"

"बोलली. इंग्रजीत."

"अगं बाई! काय म्हणाली?"

माझ्या मागं एकोणतीस पोरं भिजत उभी. कुणाच्या म्हशीनं कुणाला लाथ मारली हे सांजच्या आत गावभर करणारी पोरं. एकानं बी तोंड उघडलं नाही. शेवटी आदर्शच पुढं आला.

"पुस्तकातला धडा म्हणाली, आज्जी."

"व्हय, धडाच हुता," दोघं-तिघं म्हणाली.

"पुस्तकातलं का असंना," तानाबाईनं मला हात जोडले, "बोलली न्हवं माझी बाय!"

डोळं पुसून ती भाऱ्यापाशी वाकली. दोन्ही हात खाली घातले.

"थांब आज्जी," अनुजा मराठीत म्हणाली. "एकटी उचलू नगं."

तानाबाई आनंदानं रडायलाच लागली. सगळ्यांना सांगत सुटली, ऐकलंसा काय, पोरगी बोलली! आम्ही खाली माना घालून उभं होतो. अनुजानं भाऱ्याला हात लावला, आज्जीच्या डोक्यावर दिला, आणि दोघी पावसातनं घराकडं गेल्या.