घरच्यांचा हुंकार

आमच्या सांजदैनिकात एक जुना रिवाज आहे. कुणी अपघातात सापडलं, की त्याची बातमी पानावर जाण्याआधी घरच्या माणसाला फोनवर शब्दन् शब्द वाचून दाखवायची. ते माणूस "हं" म्हणालं, की पान सुटतं. याला आम्ही हुंकार घेणं म्हणतो. पूर्वी एका चांगल्या धडधाकट माणसाला आम्ही छापून मारलं होतं, तेव्हापासून हे काम आमच्या मानगुटीवर बसलंय. इतर पेपरवाले हसतात. हसू देत, खुलासेही त्यांनाच छापावे लागतात.

त्या दिवशी सकाळी एका बांधकामावर सळ्यांचा गठ्ठा उचलताना जमीन खचली आणि क्रेन कलंडायला लागली. समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मजूर चहा पीत बसले होते. क्रेन चालवणारीनं उडी टाकली असती, तर ती वाचली असती आणि शेड सपाट झाली असती. तिनं क्रेनचा दांडा रिकाम्या मैदानाकडे फिरवला आणि केबिनसकट आडवी झाली. मजुरांना खरचटलंसुद्धा नाही, तिच्या पायांचा मात्र चुरा झाला. साइटवर तिला सगळे क्रेनताई म्हणत.

पोलिसांच्या कागदावर होतं: जखमी चालक, पुरुष. खाली तिनं केव्हाच सोडून दिलेलं नाव.

"मग तो लिहा," संपादक म्हणाले. आमचे साहेब वाईट नाहीत, भित्रे आहेत. फक्त भित्रेपणाला ते जबाबदारी म्हणतात. "उद्या घरचे दारात येऊन उभे राहिले तर?"

"साहेब, तिला विचारलंय," मी म्हटलं.

भिंगरीनं विचारलं होतं. भिंगरी म्हणजे आमचा हॉस्पिटलचा बातमीदार. केस पिकले तरी एका जागी बसत नाही, म्हणून भिंगरी. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरशेजारून पळत त्यानं तिला गाठलं. ती म्हणाली, "ती लिहा. पहिल्यांदा पेपरात येतेय, तर मीच येऊ दे." मग म्हणाली, "तुम्ही घरी वाचून दाखवता ना? माझ्या बाबांना दाखवा. दर रविवारी सांगायचं म्हणून फोन करते, तब्येत विचारते आणि ठेवते. आज राहून जायला नको."

म्हणजे बापाला ही गोष्ट पहिल्यांदा कळणार, ती माझ्या तोंडून. मी काय तिची मावशी लागून गेले होते?

छपाईवाल्यांचा तगादा सुरू झाला होता. साहेब माझ्या टेबलाला टेकून हळूच म्हणाले, "फोनवर तो वाचा, पानावर ती ठेवा."

माझं डोकंच सणकलं. "मग हुंकार कशाचा घेऊ? माझ्या खोटेपणाचा?"

फोन लावला. आधी जिवाला धोका नाही हे सांगितलं. तिकडून मोठा श्वास ऐकू आला. "खरं सांगताय ना, बाई? माझा मुलगा..."

"खरं सांगतेय, काका. आता बातमी वाचते. शेवटपर्यंत ऐका आणि बरोबर असेल तर हं म्हणा, तुमच्या लेकरानंच तसं सांगितलंय."

पहिल्याच वाक्यात "ती" आली.

"कोण ती?"

"क्रेन चालवणारी. तुमची मुलगी."

"मला मुलगी नाही."

फोन आपटेल म्हणून मी थांबले. आपटला नाही. मी पुढे वाचत गेले. शेवटचं वाक्य होतं: "'समोर माणसं होती, दुसरं काय करणार,' असं ती म्हणाली."

मग, "पुन्हा वाचा."

म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असावं. मी आवाज चढवून पहिल्यापासून वाचलं. अख्ख्या ऑफिसचे हात कीबोर्डवर थबकले. पुन्हा ती, पुन्हा तिनं, पुन्हा तिला. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही.

"मी हं म्हणणार नाही," ते म्हणाले. फोन बंद.

साहेब सरळ उभे राहिले. "झालं. तो करा. घरच्यांचा हुंकार नसेल तर पोलिसांचा कागद. रिवाज तुमचाच लाडका आहे."

खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. मी पुन्हा भिंगरीला फोन केला. "तिच्या घराची दुसरी किल्ली कुणाकडे असते रे?"

"मैत्रिणीकडे. शिवणकाम करते. कित्येक वर्षं एकत्र राहतात. ही काय, ऑपरेशन थिएटरबाहेर तिच्या चपला मांडीवर घेऊन बसलीय."

"तिला दे."

मी वाचलं. ती मुसमुसत ऐकत होती. मग नाक ओढून म्हणाली, "हं. आणि तो हेल्मेटमधला फोटो लावू नका हो, शुद्धीवर आल्या आल्या भांडेल माझ्याशी. केस मोकळे सोडलेला पाठवते."

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"घरचं माणूस. ते हं म्हणाल्याशिवाय पान सोडत नाही ना आपण?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. "सोडा पान," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये गेले. एरवी जात नाही. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, उशीखाली आमचा पेपर. आभारबिभार काही नाही, तिनं सरळ विचारलं, "बाबांना वाचलंत?"

"हो."

"हं म्हणाले?"

एक गोड थाप जिभेवर आली होती. गिळली. "नाही. म्हणणार नाही म्हणाले."

तिनं तोंड भिंतीकडे केलं. मैत्रीण माझ्याकडे खाऊ का गिळू अशी बघायला लागली. मी घाईघाईनं म्हटलं, "पण फोन मध्येच ठेवला नाही हं. सगळं ऐकलं. वर पुन्हा वाचायला लावलं. कमी ऐकू येतं ना त्यांना, दुसऱ्यांदा तर मी ओरडूनच वाचलं."

ती सावकाश वळली.

"कमी?" ती म्हणाली. "अहो, शेजारचा नळ ठिबकला तरी त्यांची झोपमोड होते."

मग तिनं मैत्रिणीपुढे हात केला. "फोन दे."

"आज रविवार नाहीये," मैत्रीण म्हणाली.

"माहितीय," ती म्हणाली आणि नंबर लावायला लागली.