फणसाच्या फळीवरचा खवल्या

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाट आहे, पण माझ्यावर जेवायला कधी कुणी बसले नाही. मी चित्रे काढायचा पाट. दुकानात अशा पाटाला ड्रॉइंग बोर्ड म्हणतात. मी मात्र दुकानातला नाही. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाखाली एक वाडी आहे. तिथल्या परसातला फणस एका पावसात आडवा झाला, त्याचा मी तुकडा.

मला घडवले दीपकने. तो सुतारकाम करायचा. त्याची धाकटी बहीण सारिका चित्रकला शिकायला पुण्याला निघाली, तेव्हा त्याने मला कापले, रंधा मारला आणि पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केले. शेवटी तिचा हात धरून माझ्यावर फिरवला.

"बघ गो, कुठं कुसळ लागतंय का?"

"नाही रे दादा. कागदापेक्षा मऊ झालाय."

पुण्यात मी पुष्कळ कागद पाठीवर घेतले. वर्गातली मुले विचारायची, हा कुठून आणलास? सारिका सांगायची, "माझ्या दादाने केलाय." तेव्हा मला बरे वाटायचे.

पुढे सारिकाचे लग्न झाले आणि आम्ही महाडला आलो. तिचा नवरा सुनील कोर्टात कारकून आहे. पुण्याची एक कंपनी मुलांसाठी पत्त्यांचे खेळ काढते. त्या पत्त्यांवरचे प्राणी, पक्षी, राक्षस सारिका घरी बसून काढू लागली. मग कामासाठी तिने कॉम्प्युटरला जोडायचा एक काचेचा पडदा घेतला. त्यावर पेनाने काढायचे आणि चुकले की बोटाने पुसायचे. माझ्यावर चुकले तर कागदच बदलावा लागतो. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेलो. माझ्यावर लोणच्याच्या बरण्या आल्या. तेलाचे गोल डाग पडले. मी कुणाला दोष देत नाही.

मागच्या पावसाळ्यात दीपक कावीळ होऊन वारला.

सारिका वाडीला जाऊन आली. ती रडली नाही. परत आल्यावर तिने कपडे धुतले, भाजी चिरली, काम केले. पुढे ताटात पडेल ते ती खायची, आणि काय खाल्ले ते विचारले तर तिला सांगता यायचे नाही. रोज तिची आई, येसूबाई, फोन करायची.

"जेवलीस का गो?"

"जेवले. तू?"

"जेवली."

मग दोघीही फोन कानाशी धरून गप्प राहायच्या. दीपकचे नाव कुणीच घेत नसे. वाडीला जायचेही सारिका टाळायची. असे महिने गेले.

मग कंपनीतून सुहास सरांचा फोन आला. नवा खेळ निघणार होता, घाटातल्या प्राण्यांचा. प्रत्येक पत्त्यावर एक प्राणी, त्याच्या हल्ल्याचा आकडा आणि बचावाचा आकडा. सारिकाच्या वाट्याला खवल्या मांजर आले होते. नाव मांजराचे, पण अंगभर खवले, लांब शेपूट, तोंडात दात नाहीत. ते मुंग्या आणि वाळवी खाते.

"त्याला मोठा कर, उग्र कर," सर म्हणाले. "समोरच्यावर झेप घेतोय असा."

"बरं," सारिका म्हणाली.

फोटो बघून तिने चित्र केले. सरांनी ते परत पाठवले. दुसरे केले, तेही परत आले. तिसऱ्या वेळी त्यांनी फोनच केला.

"सारिका, एकही खवला चुकलेला नाही. पण हा जिवंत वाटत नाही गं. पेंढा भरलाय असं वाटतं. तुला जमत नसेल तर मोकळेपणाने सांग, दुसऱ्या कुणाला देऊ."

"बरं," ती म्हणाली, आणि काचेसमोर नुसती बसून राहिली. प्राणी काढणे हेच तिला सगळ्यात आवडायचे. तेही गेले तर काय, असे सुनीलच्या चेहऱ्यावर दिसत होते. तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हते.

त्याच आठवड्यात सकाळीच येसूबाईचा फोन आला.

"अगो, खवल्या मांजर आलंय गोठ्यामागं. सगळा गाव जमलाय."

सारिका "हो का" म्हणून फोन ठेवणार होती. सुनीलने ऐकले. त्याने बरण्या उचलल्या, मला साबणाने घासले, पुसले आणि चादरीत गुंडाळले.

"बघून ये," तो म्हणाला. "आईलाही भेटशील."

"काय बघायचंय त्यात? फोटो आहेत की."

"तरी जा."

ती गेली, कारण नाही म्हणायलाही तिला जोर नव्हता. महाडच्या डेपोतून आम्ही एसटीने पोलादपूरला उतरलो, तिथून जीपने वाडीला.

गोठ्यामागे दगडी बांधाला लागून ते पडले होते. अंगाचा घट्ट चेंडू केलेला, तोंड कुठे ते कळत नव्हते. भोवती माणसांचे कडे. शेजारचा रामा काठीने ढोसत होता.

"जितं हाय का मेलं, ते तरी कळंल," तो म्हणाला.

येसूबाई पुढे झाली. "काठी टाक रे रामा. भ्यालंय ते. वनखात्याची माणसं येतायत सांजच्याला, ती नेतील. चला, आपापल्या घरी जा बरं."

कुरकुरत माणसे पांगली. येसूबाई थोड्या अंतरावर दगडावर बसली. सारिका तिच्याजवळ बसली. मला मांडीवर घेतले, माझ्यावर कागद चिकटवला आणि तो चेंडू काढू लागली. तिचा हात पूर्वीपेक्षा जड पडत होता. एकमेकांवर बसलेले खवले, त्यांवरची माती, झिजलेल्या कडा ती काढत गेली. दोघी बोलत नव्हत्या. खूप वेळ गेला. उन्हे कलली.

मग तो चेंडू जरासा सैल झाला. आतून एक निमुळते, ओले नाक बाहेर आले आणि हवा हुंगू लागले.

सारिकाची पेन्सिल थांबली.

"आई," ती हलकेच म्हणाली, "दादाला दाखवायला हवं होतं."

येसूबाईने वळून पाहिले नाही. तिची नजर त्या नाकावरच होती. "दीपक असता तर पिंजराच करून दिला असता वनखात्याला," ती म्हणाली. "मोजमापं घेत बसला असता."  तिने पदर तोंडाशी धरला. सारिकाने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचे स्वतःचे डोळे अजून कोरडेच होते. पण थोड्या वेळाने ती म्हणाली, "आई, भूक लागलीय मला."

येसूबाई उठली. चुलीवर भाकरी टाकली. सारिका दोन भाकऱ्या खाऊन आणखी मागत होती, तेव्हा वनखात्याची गाडी आली आणि खवल्याला रानात सोडायला घेऊन गेली.

महाडला परतल्यावर सारिकाने काचेचा पडदा उघडला नाही. जाड कागद भिजवून तो चारी कडांनी माझ्यावर चिकटवला. वाळताना कागद ताठ ओढला जातो, तेव्हा माझी फळी किंचित कुरकुरते. कितीतरी वर्षांनी मी ते अनुभवले. आधी तिने छोट्या छोट्या चौकटी आखून खवल्या कसा बसेल ते ठरवले. मग फिकट पेन्सिल. मग पातळ तपकिरी रंगाचा हात, तो वाळला की त्यावर दुसरा. खवले तिने शेपटीकडून वर रचत नेले. मधूनमधून मला भिंतीला टेकवून ती दारात जायची आणि डोळे बारीक करून पाहायची. पत्ता तळहाताएवढा असतो ना, लांबून जे कळत नाही ते पत्त्यावरही कळत नाही. सगळ्यात शेवटी तिने ओल्या नाकावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला.

चित्र पाहून सुहास सरांचा फोन आला.

"हा जिवंत आहे. पण हा तर मिटून बसलाय! हल्ला कुठे करतोय?"

"नाही करत," सारिका म्हणाली. "पण ह्याच्यावर कुणाचा हल्ला चालत नाही. हल्ला शून्य ठेवा आणि बचाव सगळ्यांत जास्त. बघा, मुलं हाच पत्ता जपून ठेवतील."

"हल्ला शून्य?" सरांनी विचारले. मग हसले. "बरं," ते म्हणाले.

तो पत्ता छापून आला. वाडीतली मुले येसूबाईच्या ओटीवर बसून तो खेळ खेळतात. सारिका आता महिन्यातून एकदा तरी वाडीला जाते. अजून ती फार बोलत नाही. कधीकधी जेवताना मध्येच तिचा हात थांबतो. मग थोड्या वेळाने पुन्हा घास उचलते.

मित्रांनो, जुन्या पाटाला कुणी अडगळीत टाकू नये, असे मला वाटते, आणि एक तेलकट डाग अजून माझ्या अंगावर आहे. पण माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात, वर्गात कुणी स्वतःला असे मिटून बसलेले दिसले, तर त्याला बोल, रड, हस म्हणून ढोसू नका. त्याच्यापासून थोड्या अंतरावर, त्याला दिसाल असे बसा. आणि घाईने उठून जाऊ नका.